कोकोडाची ३९वी बटालियन: एकटी नव्हती

१९४२ साली ‘ऑस्ट्रेलियाच्या ३९व्या बटालियनच्या काही कोवळ्या पोरांनी एकट्याने न्यू गिनी बेटावरच्या कोकोडाच्या पायवाटेवर जपान्यांना अडवलं आणि ऑस्ट्रेलियावरचं आक्रमण टळलं’, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. पोरं शूर होती, यात वाद नाही. बाकी तपासायला हवं.

जपानला तेव्हा त्याच बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं पोर्ट मोर्सबी हे बंदर हवं होतं. ऑस्ट्रेलियात सैन्य उतरवायचा बेत टोकियोने त्याच वर्षी मार्चमध्ये बाजूला ठेवला होता.

‘एकटी’ हेही खरं नाही. २३ जुलैला अवाला इथे पहिली झुंज झाली, तेव्हा स्थानिक पापुअन सैनिकांची पापुअन इन्फंट्री बटालियन सोबत होती. ऑगस्टअखेर पायवाटेवरच्या इसुरावाला ऑस्ट्रेलियाचीच २/१४वी आणि २/१६वी बटालियन मदतीला आली.

खरी अडचण पाठीवरच्या ओझ्याची. त्या वेळच्या हिशोबाने, फक्त अन्न वाहणारा पापुअन हमाल आपलं ओझं १३ दिवसांत स्वतःच खाऊन टाकी. सोबत एका सैनिकालाही पोसायचं तर साडेसहा दिवसांत. मग दारूगोळा न्यायचा कधी? म्हणून पायवाटेजवळच्या मायोलाच्या कोरड्या तलावात विमानांतून माल टाकायचं ठरलं, पण १७ ऑगस्टला पोर्ट मोर्सबीच्या धावपट्टीवर बॉम्बहल्ला झाला आणि मालवाहू विमानंच जळाली.

जपानी सप्टेंबरअखेर पोर्ट मोर्सबीच्या अलीकडच्या इओरिबाइवाहून मागे फिरले, त्यामागेही उपासमार आणि ग्वादलकनाल बेटावर अमेरिकनांशी चाललेल्या लढाईमुळे आलेला माघारीचा हुकूम होता. ३९वी तेव्हा आघाडीवर नव्हतीच. तिने उत्तर किनाऱ्यावरचं जपान्यांचं ठाणं गोना घेतलं ते डिसेंबरात, आणि त्याबद्दल मात्र कमी बोललं जातं.