नासवरचे हक्क आणि इशारे: मागची हकीकत

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या कारखान्यांची ड्रॉइंग असोत, नाहीतर दांडिया बाजार-रावपुऱ्यातल्या सीए कार्यालयांतले ताळेबंद, अशा कामाच्या फाइली आता बऱ्याच ठिकाणी दोन किंवा चार डिस्कच्या नासवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या फाइल साठवणाऱ्या पेटीवर, असतात. या पेटीच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसतात: कोणत्या युजरला काय करू द्यायचं, आणि काही घडलं तर कोणाला कळवायचं. एकाच पॅनलमध्ये असल्यामुळे त्या एकाच विचारातून आल्या असतील असं वाटतं. तसं नाही. दोघींचा उगम वेगळा, वाढ वेगळी. नास सांभाळणाऱ्याला भेडसावणाऱ्या कित्येक अडचणींचं मूळ मला तरी तिथेच दिसतं.

हक्कांची गोष्ट जुनी आहे. १९६० च्या दशकात एकच मोठा संगणक अनेक जण एकाच वेळी वापरू लागले, तेव्हा एकाची फाइल दुसऱ्याने उघडावी का, हा प्रश्न पहिल्यांदा गंभीर झाला. मल्टिक्स या प्रणालीत प्रत्येक फाइलसोबत एक यादी ठेवलेली असे: अमक्याला वाचू द्या, तमक्याला लिहू द्या. आजच्या एसीएलचं (अ‍ॅक्सेस कंट्रोल लिस्ट, म्हणजे हक्कांची यादी) हे मूळ. बेल लॅब्जमधून १९६९ पासून घडत गेलेल्या युनिक्सने हे आटोपशीर केलं. मालक, ग्रुप आणि इतर. वाचणं, लिहिणं, चालवणं. तिघांना प्रत्येकी तीन, एकूण नऊ बिट, म्हणजे हो-नाहीच्या नऊ खुणा. छोट्या यंत्रांना ते परवडणारं होतं आणि ते टिकलं.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये एनएफएस (दुसऱ्या यंत्रावरच्या फाइली नेटवर्कवरून वापरायची पद्धत) आणलं आणि हेच हक्क नेटवर्कवर गेले, पण एका मोठ्या गृहीतकासह. तुम्ही कोण आहात हे सर्व्हर तपासत नसे. समोरचं यंत्र जो युजर क्रमांक पाठवील तो खरा मानत असे. म्हणजे समजा, डिझाइन विभागाच्या लिनक्स यंत्रावर १००१ क्रमांक मुख्य ड्राफ्ट्समनचा आहे आणि स्टोअरमधल्या यंत्रावर तोच क्रमांक नव्या मुलाला मिळाला, तर सर्व्हरच्या लेखी ते दोघे एकच. पासवर्डचा संबंधच नाही. रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, बाबतीत हे फारच धोक्याचं, म्हणून बाहेरून आलेल्या रूटला ‘नोबडी’ (हक्क नसलेला युजर) करून टाकणारं रूट स्क्वॅश आलं. ओळख पटवण्यासाठी केर्बेरॉससारखी भक्कम सोय सॉफ्टवेअरमध्ये असणं एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीने बंधनकारक केलं, पण ती वापरणं नाही, त्यामुळे छोट्या ठिकाणी अजून क्रमांकावरच विश्वास ठेवून काम चालतं.

ऑफिसातल्या पीसींचा रस्ता वेगळाच. नॉव्हेलच्या नेटवेअरने १९८० च्या दशकात फाइल सर्व्हर सामान्य कार्यालयात आणला. त्याचे हक्क बारकाईने वेगळे केलेले होते: वाचणं, लिहिणं, नवी फाइल करणं, पुसणं, नाव वा गुणधर्म बदलणं, यादी पाहणं, इतरांना हक्क देणं. दुसरीकडे आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी एसएमबी (पीसींमध्ये फाइली वाटून घ्यायची पद्धत) तयार केलं आणि मायक्रोसॉफ्टने ते पुढे नेलं. सुरुवातीच्या एसएमबीत अख्ख्या शेअरला, म्हणजे नेटवर्कवर खुल्या केलेल्या फोल्डरला, एकच पासवर्ड लावायची रीत होती. तो ज्याला ठाऊक तो आत. १९९३ च्या विंडोज एनटीबरोबर डिस्कवर फाइली मांडायची एनटीएफएस ही पद्धत आली आणि फाइलनिहाय एसीएल परतला. पण शेअरचे हक्क काढून टाकले नाहीत. त्यामुळे दोन थर झाले, आणि दोन्हींत जो कडक तो लागू होतो.

हे दोन प्रवाह एकत्र आले ते ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या सांबा या सॉफ्टवेअरमुळे. युनिक्स यंत्र विंडोज सर्व्हरसारखं बोलू लागलं. पुढे नास बनवणाऱ्या कंपन्यांनी लिनक्स, सांबा आणि एनएफएस एका पेटीत घातलं, वर ब्राउझरमधून चालणारं पॅनल चढवलं, आणि हा सगळा वारसा एका चौकटीत आला. खाली नऊ बिट, त्यावर एसीएल, त्यावर शेअरचे हक्क. पॅनलवर दिसतात फक्त तीन चौकोन: प्रवेश नाही, फक्त वाचणं, वाचणं-लिहिणं. यात एक नियम लक्षात ठेवायला हवा. सिनॉलॉजी या कंपनीच्या पेट्यांवर ‘प्रवेश नाही’ हे इतर दोन्हींवर मात करतं. एखादी बाई लेखा ग्रुपमध्येही आहे आणि सर्वांच्या ग्रुपमध्येही, आणि सर्वांच्या ग्रुपला ‘प्रवेश नाही’ लावलं, तर लेखा ग्रुपमुळे मिळालेला हक्क तिच्या कामाचा राहत नाही. विंडोजच्या एसीएलमध्ये मात्र फाइलवर थेट दिलेली परवानगी वरून वारशाने आलेल्या मनाईला हरवते. एका सवयीने दुसरं चालवायला गेलं की घोटाळा ठरलेला.

एक्सेलची तक्रार तर सगळ्यांच्या परिचयाची: ‘लिहायचा हक्क दिलाय, तरी सेव्ह होत नाही.’ एक्सेल सेव्ह करताना जुन्या फाइलवर सरळ लिहीत नाही. ते शेजारी तात्पुरती फाइल करतं, त्यात सगळं उतरवतं, मग जुनी काढून नवीला जुन्याचं नाव देतं. म्हणजे पुसण्याचा आणि नाव बदलण्याचा हक्कही लागतो. चुकून काही डिलीट होऊ नये म्हणून कोणी काळजीपूर्वक तेवढाच हक्क काढून घेतला, की सेव्ह अडतं आणि फोल्डरमध्ये विचित्र नावांच्या फाइली साचतात.

इशाऱ्यांचा वंश यंत्रशाळेतला. एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात सेंडमेल या मेल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी सिसलॉग, म्हणजे घडामोडींची नोंद ठेवणारी सोय, लिहिली. त्यातल्या आणीबाणीपासून डीबगपर्यंतच्या गंभीरतेच्या आठ पायऱ्या आजही नासच्या लॉगमागे आहेत. १९८८ मध्ये नेटवर्कवरच्या यंत्रांवर नजर ठेवायची एसएनएमपी ही पद्धत आली आणि यंत्र आपणहून ‘ट्रॅप’, म्हणजे सूचना, पाठवू लागलं. डिस्कचं आरोग्य सांगणारं स्मार्ट १९९० च्या दशकात रुळलं. हे सगळं यंत्राच्या दुखण्यासाठी होतं: पंखा बंद, डिस्क खराब, जागा संपत आली, वीज गेली. माणसाने काय केलं, हे कळवायला ते बनलेलंच नव्हतं. म्हणून आजही डिस्क बिघडली की पेटी मेल पाठवते, पण कोणी आख्खं फोल्डर पुसलं तर गप्प बसते. फाइलनिहाय नोंद सहसा वेगळी चालू करावी लागते. लॉग फुगतो, म्हणून ती मुळात बंद ठेवलेली असते. माझ्या मते एसएमबीपुरती ती चालू ठेवावी, जागा गेली तरी चालेल.

या गप्पपणाची किंमत पुढे कळली. २०१४ मध्ये सिनोलॉकर या आणि एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर या खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरने इंटरनेटला उघड्या असलेल्या नासवरच्या फाइली अडकवल्या. क्यूलॉकरने क्यूनॅप कंपनीच्या नासवरच्या फाइली पासवर्ड लावलेल्या सेव्हन-झिप गठ्ठ्यांमध्ये कोंबल्या, आणि आत शिरायला वापरली ती बॅकअपच्याच सॉफ्टवेअरमधली हक्क तपासणीची त्रुटी. फोल्डरवरचे हक्क कितीही नीट लावलेले असोत, तिथे त्यांचा काही उपयोग नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिनॉलॉजीने पासवर्ड ओळखण्याच्या घाऊक प्रयत्नांबद्दल सावध केलं. चुकीचे लॉगिन वारंवार झाले की ते जिथून येतात तो नेटवर्क पत्ता अडवणं आणि लगेच कळवणं, ही हक्क आणि इशारे यांना जोडणारी सोय अशा वेळी खरी कामाची.

त्यातही इशारा पोहोचण्याची वाट अचानक बंद होऊ शकते. ३० मे २०२२ पासून गुगलने केवळ नाव-पासवर्ड देऊन जीमेलमध्ये शिरणाऱ्या जुन्या अ‍ॅप्सना नकार द्यायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं मालकाच्या जीमेलवरून मेल पाठवणाऱ्या पेट्यांचे इशारे थांबले. मेल येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असाच समज होणार. अ‍ॅप पासवर्ड काढून किंवा खातं नव्याने जोडून ते सुरू करता येतात. चाचणी मेलचं बटण महिन्यातून एकदा दाबलं, तर बंद पडलेली वाट वेळेत कळते.

भारतात २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या निर्देशांनी हा विषय कायद्याच्या कक्षेत आणला: कंपन्यांनी लॉग १८० दिवस जपायचे आणि ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या. छोट्या नासवरचा लॉग ठरावीक आकारानंतर जुन्या ओळी टाकून देतो आणि पेटी कोणी ताब्यात घेतली तर लॉगही त्याच्याच हाती जातो. त्यामुळे लॉग सिसलॉगने दुसऱ्या यंत्रावर पाठवावा लागतो. बहुतेक नासमध्ये ती सोय आहे. त्या दुसऱ्या यंत्राचा पासवर्ड नासच्या अ‍ॅडमिनकडे असू नये.