जिवाणूची कात्री

आमच्या मराठवाड्यात कीटकनाशकाला कुणी विष म्हणत नाही, ‘औषध’ म्हणतात. परवा परभणीच्या मोंढ्यात एका दुकानदाराने पुडी पुढे केली. ‘एकरी एक टाका, मागच्या सगळ्या औषधांचा अंश जिवाणू खाऊन टाकतील.’

‘सगळ्या’ हा शब्द वगळला तर त्यात तथ्य आहे. फिलिपिन्समधल्या भातखाचरातला एक जिवाणू डायझिनॉन आणि पॅराथिऑन ही कीटकनाशकं तोडतो, हे सेतुनाथन आणि योशिदा या संशोधकांनी १९७३ मध्येच दाखवलं. दोन्ही ऑर्गनोफॉस्फेट, म्हणजे आपल्या क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉसच्या भावकीतली.

या भावकीची सगळी करामत एका फॉस्फरसच्या अणूत आहे. किडीच्या (आणि फवारणाऱ्याच्याही) मज्जातंतूंत पोचलेला इशारा पुसून टाकणारं एक विकर (एन्झाइम) असतं. फॉस्फरस नेमका त्याच्या कामाच्या जागी चिकटतो. इशारे साचत जातात, झटके येतात. जिवाणूच्या विकरात मात्र जस्ताचे दोन अणू शेजारी बसलेले असतात आणि पाण्यातून एक हायड्रोजन काढून उरलेला हायड्रॉक्साइड त्यांनी मधोमध धरून ठेवलेला असतो. विषाचा रेणू आत शिरला की जस्त त्याच्या एका टोकाला ओढून धरतं, फॉस्फरस उघडा पडतो, हायड्रॉक्साइड एका बाजूने त्यावर तुटून पडतो आणि विरुद्ध बाजूची शेपटी गळते. वादळात छत्री उलटावी तसे फॉस्फरसचे उरलेले बंध पलटतात! पॅराथिऑनपासूनच तयार होणाऱ्या पॅराऑक्सॉनचे असे दोन हजारांहून जास्त रेणू एकच विकर एका सेकंदात तोडतं. जस्त काढून घ्या, कात्री बंद.

पण कपाशीच्या बियाण्याला चोळून येणाऱ्या इमिडाक्लोप्रिडमध्ये फॉस्फरसच नाही. तिथे ही कात्री काय कापणार? क्लोरपायरीफॉस तुटलं तरी मागे उरणारा टीसीपी नावाचा तुकडा जिवाणूंनाच मारक. शिवाय आपली काळी चिकण माती क्लोरपायरीफॉस इतकं घट्ट धरते की ते जिवाणूच्या हाती लागणं कठीण. आणि मे महिन्यात भेगाळलेल्या रानात पुडीतला पाहुणा टिकणार किती? गोमूत्र शिंपडून विष उतरतं म्हणणाऱ्याला आपण हसतो. या पुडीवर तर जिवाणूचं नावही नव्हतं.

त्यापेक्षा विहिरीकडे बघा. फवारणीचा पंप आपण तिथेच भरतो, तिथेच धुतो. औषध एकाच जागी मुरत राहतं. स्वीडनचे शेतकरी अशा कामासाठी खड्डा भरतात: निम्मं काड, पाव भाग पीट (दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेला पाला), पाव भाग शेतातली माती, वर गवत. पुडी लागत नाही, मातीतल्याच बुरश्या आणि जिवाणू कामाला लागतात. पीटऐवजी कंपोस्ट आणि काडाऐवजी सोयाबीनचं भुस्कट घेऊन आपल्याकडेही करून बघता येईल. फक्त खड्ड्याला तळाशी अस्तर हवं, आणि तो विहिरीपासून लांब.