चाहत्यांचा राग आणि चौथ्या डाऊनचे गणित

जानेवारी 2018 मध्ये, कडाक्याच्या थंडीत, अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात हजारो लोकांनी आपल्या फुटबॉल संघाच्या स्टेडियमभोवती मिरवणूक काढली. संघाने काहीही जिंकलेले नव्हते. क्लीव्हलंड ब्राउन्स हा संघ त्या हंगामातील सोळाच्या सोळा सामने हरला होता, त्याआधीच्या हंगामात सोळांपैकी एकच जिंकला होता, आणि मिरवणुकीचा मार्ग मुद्दाम असा आखला होता की चालणाऱ्यांच्या रांगेतून भले मोठे शून्य उमटावे. रोख मैदानावर धडपडणाऱ्या खेळाडूंपेक्षा त्यांना निवडणाऱ्यांवर होता. हंगामामागून हंगाम हरणाऱ्या संघाच्या चाहत्यांचे आरोपपत्र बहुधा दोन कलमांचे असते: व्यवस्थापनाला खेळाडू निवडता येत नाहीत आणि प्रशिक्षकाला सामना चालवता येत नाही.

ही दोन्ही कलमे अर्थशास्त्रज्ञांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत आकडेवारी घेऊन तपासली आहेत. निष्कर्ष काहीसा गमतीचा आहे. आरोप बऱ्याच अंशी खरे आहेत. मात्र ते सिद्ध करण्यासाठी चाहते जे पुरावे पुढे करतात, ते बहुतेक वेळा चुकीचे असतात.

येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आणि त्यातील एनएफएल ही बत्तीस व्यावसायिक संघांची लीग. आयपीएलमध्ये संघ लिलावात बोली लावून खेळाडू घेतात. एनएफएलमध्ये महाविद्यालयीन खेळाडूंच्या भरतीसाठी ‘ड्राफ्ट’ होतो. त्यात बोली नसते, पाळी असते. गेल्या हंगामात सर्वांत वाईट ठरलेल्या संघाला पहिली पाळी मिळते, विजेत्याला शेवटची, आणि अशा सात फेऱ्या होतात. 1936 पासून चालत आलेल्या या पद्धतीचा हेतू दुबळ्यांना बळ देण्याचा आहे. पाळ्यांची अदलाबदल करण्यास मुभा असल्यामुळे त्यांचा एक बाजारही तयार झाला आहे. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइज संघाने प्रत्येक पाळीला गुण देणारा एक तक्ता तयार केला, ज्यात पहिल्या पाळीला 3000 गुण होते, दुसरीला 2600 आणि बत्तिसावीला 590. हळूहळू सगळी लीग त्याच हिशेबाने व्यवहार करू लागली.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन संशोधकांनी हाच तक्ता तपासायला घेतला. थेलर यांना पुढे 2017 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. खेळाडूंची पुढील काही वर्षांतील कामगिरी आणि त्यांना दिलेले वेतन यांची तुलना केल्यावर त्यांना दिसले की, अगदी वरच्या पाळ्यांसाठी संघ फाजील किंमत मोजत होते. पहिल्या क्रमांकाचा खेळाडू सरासरीने सर्वांत चांगला असे, पण त्याच्यासाठी खर्च होणाऱ्या पैशाच्या मानाने संघाला होणारा फायदा मात्र पहिल्या फेरीच्या अखेरीस आणि दुसऱ्या फेरीच्या आरंभी निवडलेल्या खेळाडूंकडून अधिक होत असे. हरणाऱ्या संघांना दिलेली सवलत त्यांच्यासाठी वरदान न ठरता ओझे ठरत होती. 2011 मध्ये नवोदितांच्या वेतनावर मर्यादा आल्याने हे ओझे बरेच हलके झाले, परंतु त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष पैशापेक्षा ज्ञानाविषयी होता आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. एकाच जागेवर खेळणारे दोन खेळाडू लागोपाठ निवडले गेले, तर आधी निवडलेला पुढे सरस ठरण्याची शक्यता सुमारे 52 टक्के होती. वर्षभर चाललेले निरीक्षण, धावण्याच्या आणि उड्यांच्या चाचण्या, मुलाखती, तासन्‌तास पाहिलेली चित्रफीत, एवढे सगळे करून दोन जवळजवळच्या उमेदवारांतील निवड नाणेफेकीहून जराशीच बरी होती.

असे असूनही संघ एखाद्या खेळाडूसाठी वरची पाळी मिळवायला आपल्या भविष्यातील पाळ्या उधळतात. 2017 मध्ये शिकागो बेअर्सने तिसऱ्या पाळीवरून दुसरीवर जाण्यासाठी तीन जादा पाळ्या दिल्या आणि मिचेल ट्रुबिस्की या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला, घेतले. त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर पॅट्रिक माहोम्स निवडला गेला, ज्याने पुढे कॅन्सस सिटीला अनेक विजेतेपदे मिळवून दिली. शिकागोचे चाहते आजही हळहळतात ते ‘माहोम्सला ओळखले नाही’ म्हणून. पण माहोम्सला त्या दिवशी आणखी आठ संघांनी ओळखले नव्हते, आणि 2000 साली, पुढे लीगमधील सर्वांत यशस्वी क्वार्टरबॅक ठरलेला टॉम ब्रेडी 199व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला तेव्हा त्याला कोणीच ओळखले नव्हते. ज्याने त्याला अखेर घेतले त्या न्यू इंग्लंड संघानेही आधीच्या फेऱ्यांत इतरांनाच पसंती दिली होती. शिकागोची खरी चूक आपण अचूक ओळखू शकतो या खात्रीपोटी जादा किंमत मोजण्याची होती. खेळाडू चांगला निघाला असता तरी ती किंमत जादाच राहिली असती, फक्त तिच्याबद्दल कोणी ओरडले नसते.

ब्राउन्सच्या व्यवस्थापनाने 2016 मध्ये नेमका उलटा मार्ग धरला होता. सॅशी ब्राउन यांच्या नेतृत्वाखालील चमूने दुसरी पाळी फिलाडेल्फियाला विकून तिच्या बदल्यात अनेक पाळ्या घेतल्या, आणि पुढच्या वर्षी बारावी पाळी ह्यूस्टनला देऊन पुन्हा तेच केले. फिलाडेल्फियाने त्या पाळीवर कार्सन वेन्ट्झला घेतले, ह्यूस्टनने डेशॉन वॉटसनला. 2017 च्या हंगामात दोघेही चमकले आणि ब्राउन्स शून्यावर राहिले, तेव्हा क्लीव्हलंडमधील संतापाला उधाण येणे साहजिक होते. डिसेंबरमध्ये सॅशी ब्राउन यांना काढून टाकण्यात आले. गंमत अशी की, त्यांनी साठवलेल्या पाळ्यांतून पुढच्या व्यवस्थापनाने डेन्झेल वॉर्ड आणि निक चब यांना घेतले, आणि हे दोघे ज्या संघाचे आधारस्तंभ झाले, त्याने जानेवारी 2021 मध्ये सव्वीस वर्षांनंतर बाद फेरीतील पहिला विजय मिळवला. वेन्ट्झची कामगिरी दरम्यान घसरली आणि फिलाडेल्फियाने त्याला सोडले. वॉटसनला तर ब्राउन्सनेच 2022 मध्ये पहिल्या फेरीच्या तीन पाळ्या आणि 23 कोटी डॉलर्सच्या हमीचा करार देऊन आणले, आणि त्यानंतर बंदी व दुखापती यांमुळे तो बराच काळ मैदानाबाहेर राहिला. एकच निर्णय 2017 मध्ये मूर्खपणाचा दिसला, 2021 मध्ये शहाणपणाचा. निर्णयात बदल झालेला नव्हता. निकाल तेवढे येत गेले होते.

निकालावरून निर्णयाची पारख करण्याच्या या सवयीचा प्रयोगशाळेतही अभ्यास झाला आहे. बारूक फिशहॉफ यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना 1814 सालच्या इंग्रज आणि गुरखे यांच्यातील संघर्षाचे वर्णन वाचायला दिले होते. त्यांतील वेगवेगळ्या गटांना वेगवेगळा शेवट सांगण्यात आला. ज्याला जो शेवट सांगितला, त्याला तोच मुळापासून अटळ वाटू लागला, आणि आपल्याला निकाल माहीत नसता तरी आपण हेच भाकीत केले असते, अशी बहुतेकांची समजूत झाली. 1988 मध्ये जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी दाखवले की, शस्त्रक्रियेचा तोच निर्णय, तीच माहिती आणि तीच जोखीम असूनही रुग्ण दगावला असे सांगितल्यास लोक शल्यचिकित्सकाच्या निर्णयाला कमी गुण देतात. ‘मी तेव्हाच म्हटले होते’ असे ठासून सांगणारा चाहता खोटे बोलत नसतो. त्याची स्मृती निकालाच्या साच्यात नव्याने ओतली गेलेली असते.

मात्र चाहत्यांचा एक संशय पूर्ण खरा आहे, आणि तो म्हणजे वरच्या क्रमांकाच्या खेळाडूला केवळ त्याच्या क्रमांकामुळे खेळवत ठेवले जाते. बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी 1995 मध्ये बास्केटबॉलच्या एनबीए लीगमधील ड्राफ्टचा अभ्यास केला. कामगिरी आणि दुखापती हिशेबात घेतल्यावरही आधी निवडलेल्या खेळाडूंना मैदानावर अधिक मिनिटे मिळत होती आणि संघ त्यांना अधिक काळ बाळगत होते. बुडालेल्या खर्चाचे समर्थन करण्यासाठी आणखी खर्च करण्याची ही प्रवृत्ती व्यापारात परिचित आहेच. इथे तिची किंमत बाकावर बसलेला, नंतरच्या फेरीत निवडलेला खेळाडू भरतो.

आता दुसरे कलम, प्रशिक्षकाचे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ताब्यात असलेल्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात, ज्यांना ‘डाऊन’ म्हणतात. तीन प्रयत्नांत अंतर पुरे झाले नाही, तर चौथ्या डाऊनवर प्रशिक्षकाला ठरवावे लागते: चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला मागे रेटायचे, गोलखांब टप्प्यात असल्यास किक मारून तीन गुण घ्यायचे, की उरलेल्या एक-दोन यार्डांसाठी धोका पत्करायचा. धोका फसला तर चेंडू तिथेच प्रतिस्पर्ध्याच्या हाती जातो. डेव्हिड रोमर या अर्थशास्त्रज्ञाने 1998 ते 2000 या तीन हंगामांतील सामन्यांच्या पहिल्या सत्रांची आकडेवारी घेऊन मैदानावरील प्रत्येक जागेचे मूल्य गुणांत मोजले. त्यांच्या हिशेबानुसार ज्या चौथ्या डाऊनवर प्रयत्न करणेच फायद्याचे होते, तिथे संघांनी दहापैकी जवळजवळ नऊ वेळा किक मारली. लाखो डॉलर्स पगार घेणारे आणि हरल्यास नोकरी गमावणारे व्यावसायिक एकाच दिशेने, सातत्याने चुकत होते. दोन्ही बाजूंना चुका झाल्या असत्या तर त्याला अज्ञान म्हणता आले असते, पण चूक नेहमी सावधपणाच्या बाजूलाच होते तेव्हा कारण दुसरीकडे शोधावे लागते.

ते कारण 15 नोव्हेंबर 2009 च्या रात्री इंडियानापोलिसमध्ये दिसले. न्यू इंग्लंडचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांचा संघ 34-28 असा पुढे होता, सुमारे दोन मिनिटे उरली होती, आणि चौथ्या डाऊनवर दोन यार्ड हवे होते. चेंडू आपल्याच बाजूला, 28 यार्डांच्या रेषेवर होता. तिथे कोणीही किक मारली असती. अर्थशास्त्राचे पदवीधर असलेल्या बेलिचिक यांनी प्रयत्न केला, तो थोडक्यात फसला आणि संघ 35-34 असा हरला. त्यांच्यावर झालेली टीका अभूतपूर्व होती, यद्यपि अनेक संख्याशास्त्रज्ञांनी दुसऱ्याच दिवशी त्यांचा हिशेब बरोबर असल्याचे दाखवून दिले. तोवर तीन विजेतेपदे पटकावलेल्या बेलिचिक यांची नोकरी सुरक्षित होती. ज्याची तशी नाही असा प्रशिक्षक त्या रात्रीवरून काय शिकेल, हे सांगायला नको. किक मारून हरले तर पराभवाचा दोष खेळाडूंवर जातो, प्रयत्न करून हरले तर प्रशिक्षकावर. म्हणजे प्रशिक्षक भित्रा आहे अशी ओरड करणाऱ्या चाहत्यांच्या रागातूनच तो भित्रेपणा काही प्रमाणात पोसला जातो.

मग प्रशिक्षक बदलून टाकावा, ही मागणी ओघानेच येते. ई. स्कॉट अ‍ॅडलर, मायकल बेरी आणि डेव्हिड डोहर्टी यांनी महाविद्यालयीन फुटबॉलमधील अशा बदलांचा अभ्यास केला. अत्यंत वाईट कामगिरी असलेल्या संघांनी प्रशिक्षक बदलल्यावर त्यांची पुढील वाटचाल, न बदलणाऱ्या तशाच संघांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. मध्यम संघांचे तर बदलामुळे नुकसानच झाले. हकालपट्टीनंतर सुधारणा होताना दिसते, कारण हकालपट्टी तळ गाठल्यावर होते आणि तळापासून संघ बहुधा सरासरीकडे वर येतोच, प्रशिक्षक कोणीही असो.

राग इतका तीव्र का असतो, याचेही काही धागे हाती आले आहेत. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सात अमेरिकी विद्यापीठांत पाहिले की, फुटबॉल संघ शनिवारी जिंकला तर सोमवारी अधिक विद्यार्थी विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून येत. सामन्याविषयी विचारल्यास विजयानंतर ‘आपण जिंकलो’ असे आणि पराभवानंतर ‘ते हरले’ असे उत्तर अधिक वेळा मिळे, जे आपल्याकडच्या क्रिकेटप्रेमींना वेगळे सांगण्याची गरज नाही. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल यांचा 2011 चा अभ्यास अधिक गंभीर आहे. जो एनएफएल सामना स्थानिक संघ सहज जिंकेल असे भाकीत होते, तो हरल्यास त्या भागातील घरगुती हिंसाचाराच्या पोलिसांकडील नोंदी सुमारे 10 टक्क्यांनी वाढत. चुरशीच्या मानल्या गेलेल्या सामन्यातील पराभवाचा तसा परिणाम दिसला नाही. तडाखा बसत होता तो अपेक्षाभंगाचा. ड्राफ्ट हा अपेक्षा वाढवण्याचाच वार्षिक सोहळा असल्यामुळे, जो संघ सर्वांत वाईट असतो त्याच्याच चाहत्यांना त्या दिवशी सर्वांत मोठे स्वप्न दाखवले जाते.

दरम्यान रोमर यांचा हिशेब लीगने बऱ्याच अंशी स्वीकारला आहे. संघांकडे आता संख्याशास्त्रज्ञ आहेत आणि चौथ्या डाऊनवरील प्रयत्न वीस वर्षांपूर्वीपेक्षा कितीतरी अधिक होतात. त्यामुळे चाहत्यांची तक्रारही फिरली आहे. जानेवारी 2024 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धच्या उपांत्य सामन्यात डेट्रॉइट लायन्स मध्यंतराला 24-7 असे पुढे होते. उत्तरार्धात प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांनी दोनदा तीन गुणांची किक नाकारून चौथ्या डाऊनवर प्रयत्न केला. त्यांतील एकदा तर चेंडू खेळाडूच्या हातांना लागून निसटला. दोन्ही प्रयत्न फसले आणि सामना 34-31 असा, बरोबर तीन गुणांनी, हातचा गेला. कॅम्पबेल ज्या पद्धतीने खेळवत, त्याच पद्धतीने त्यांनी तो संघ तिथवर आणला होता, आणि त्या दोन क्षणी किक व प्रयत्न यांतील गणिती अंतर तसे थोडेच होते. तरीही किक घेतली असती तर, हा प्रश्न डेट्रॉइटमध्ये महिनोन्‌महिने चघळला गेला. संघाने कॅम्पबेल यांना कायम ठेवले, आणि पुढच्या हंगामात लायन्सने साखळीतील सतरापैकी पंधरा सामने जिंकले.