जंतू मेले, विष उरलं

‘बाहेर खायचंच असेल तर समोर बनवलेलं, वाफाळतं खा. काही होत नाही.’ हा सल्ला आपल्याकडे इतक्या घरांत दिला जातो की आता त्यावर कोणी शंकाही घेत नाही. बऱ्याच अंशी तो बरोबरही आहे. कॉलरा, टायफॉइड, आमांश यांचे जंतू उकळत्या रश्शात तग धरत नाहीत. पाणीपुरीचं पाणी, रसातला बर्फ आणि कापून ठेवलेलं कलिंगड टाळून गरम डोसा मागवणारा माणूस शहाणाच.

पण हाच सल्ला चायनीजच्या गाडीवर गेला की फसतो. तिथे ज्वाळा हातभर उंच उठते, कढई लालभडक तापते आणि पाहणाऱ्याला वाटतं, या आगीत कुठला जंतू वाचणार! जंतू वाचत नाहीत हे खरंच. मात्र ‘समोर बनवलेलं’ या शब्दांत एक घोळ आहे. भात तुमच्यासमोर परतला जातो, शिजतो तो बऱ्याचदा कितीतरी तास आधी. ताजा, ओलसर भात कढईत टाकला तर त्याचा गोळा होतो. दाणा सुटा हवा असेल तर भात निवून कोरडा पडावा लागतो. म्हणून तो आधीच शिजवून टोपात किंवा परातीत ठेवलेला असतो. गोष्ट त्या टोपात घडते, कढईत नाही.

गोष्टीचा नायक बॅसिलस सिरियस. हा मातीतला जीवाणू. फ्रँकलंड या शास्त्रज्ञ दांपत्याने १८८७ मध्ये तो गोठ्यातल्या हवेत पकडला आणि त्याचं वर्णन केलं. भाताच्या खाचरातली माती तांदळाबरोबर घरात येते, तसा हाही येतो. तांदूळ कितीही धुतला तरी थोडेफार उरतातच. यात हॉटेलवाल्याचा दोष नाही, तुमच्या डब्यातल्या तांदळातही ते आहेत.

भात शिजताना ते मरत का नाहीत? कारण तांदळात हा जीवाणू बीजाणूच्या रूपात झोपलेला असतो. बीजाणू बनताना जीवाणू आपल्या गाभ्यातलं बरंचसं पाणी काढून टाकतो, त्या जागी डायपिकोलिनिक आम्ल आणि कॅल्शियम भरतो, डीएनएला खास प्रथिनं चिकटवून सुरक्षित करतो आणि भोवती अनेक थरांचं कवच चढवतो. उष्णतेने प्रथिनं बिघडतात ती मुख्यतः पाण्याच्या सान्निध्यात. पाणीच नाही तर बिघाडही मंदावतो. त्यामुळे उकळत्या पाण्यात बाकीचे जंतू खलास होतात आणि हे बीजाणू तगतात. इतकंच नाही, त्या उष्णतेच्या धक्क्याने ते जागे व्हायला तयार होतात. भात निवू लागला की अमिनो आम्लांची चाहूल लागते, बीजाणू फुगतो, कवच फोडून जीवाणू बाहेर पडतो. समोर मऊ शिजलेला पिष्टमय डोंगर आणि स्पर्धेला कोणी नाही, कारण बाकीच्या सगळ्यांना आपणच उकळून मारलेलं.

(बीजाणू अल्कोहोलनेही मरत नाहीत. टेबलावरच्या सॅनिटायझरच्या बाटलीवर ९९.९ टक्के जंतू मारण्याचा दावा असतो, त्यात यांचा हिशेब धरू नये.)

खोलीच्या तापमानाला, आपल्याकडच्या मे महिन्यात तर विशेषच, दर अर्ध्या तासाला संख्या दुप्पट होते असं धरू. एका ग्रॅममध्ये फक्त दहा जीवाणूंपासून सुरुवात केली तर आठ तासांत सोळा वेळा दुप्पट, म्हणजे साडेसहा लाखांवर. दहा तासांत एक कोटी. मोठ्या टोपाचा त्रास असा की वरचा भात गार लागला तरी मधला भाग तासन् तास कोमट राहतो, आणि कोमटपणा हाच या जीवाणूचा सुगीचा काळ.

आता माझा आवडता भाग. या जीवाणूंचे काही वाण वाढता वाढता सेरुलाइड नावाचं विष भातात सोडतात. सेरुलाइड म्हणजे बारा घटकांची एक बंद साखळी: एक अमिनो आम्ल, एक हायड्रॉक्सी आम्ल, पुन्हा अमिनो आम्ल, असं आळीपाळीने गुंफलेलं कडं. आपली पाचक विकरं प्रथिनांच्या साखळीत ठरावीक जागा शोधून तिथे कात्री चालवतात. या कड्याला मोकळं टोक नाही, त्यातले काही घटक नेहमीच्या रूपाच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखे उलटे, आणि काही बंध वेगळ्याच जातीचे. विकराला पकड मिळत नाही. जठरातलं आम्ल हरतं. उष्णताही हरते: १२१ अंशांवर दीड तास ठेवूनही सेरुलाइड शाबूत राहतं. म्हणजे प्रेशर कुकर त्याचं काही बिघडवत नाही, तर कढईतल्या दोन मिनिटांनी काय होणार!

पेशीत शिरून ते काय करतं? कड्याची बाहेरची बाजू तेलकट, आतली बाजू ऑक्सिजनच्या अणूंनी भरलेली. आतल्या पोकळीत पोटॅशियमचा आयन बरोबर बसतो, सोडियमचा नीट बसत नाही. एरवी विद्युतभार असलेला आयन पेशीच्या स्निग्ध पटलातून पार होऊच शकत नाही. सेरुलाइड त्याला पोटात घेतं, खाडीवरच्या तरीसारखं पलीकडे नेऊन सोडतं आणि रिकामं होऊन दुसऱ्या उतारूसाठी परत येतं. व्हॅलिनोमायसिन हे प्रतिजैविक असंच वागतं, दोघांची रचनाही जवळची. पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागाच्या, आतल्या पटलावर सुमारे १५० ते १८० मिलिव्होल्टचा विद्युतदाब असतो, आतली बाजू ऋण. याच दाबावर एटीपी हे पेशीचं इंधन तयार होतं. धन भाराचे पोटॅशियम आयन भराभर आत शिरले की दाब कोसळतो आणि पेशीचा वीजपुरवठा बंद पडतो.

मग उलटी कशी होते? हे शोधायला प्रयोगशाळेतले उंदीर निरुपयोगी, कारण उंदरांना ओकताच येत नाही. चिचुंद्रीला येतं. १९९५ मध्ये जपानी संशोधकांनी चिचुंद्र्यांना सेरुलाइड दिलं, त्या ओकल्या. पोटापासून मेंदूकडे जाणारी व्हेगस चेता कापली, उलट्या थांबल्या. सेरोटोनिन हे निरोप पोचवणारं रसायन पेशीवर जिथे येऊन बसतं, त्यातल्या एका विशिष्ट ग्राहीला अडवणारं औषध दिलं, तेव्हाही थांबल्या. म्हणजे विष पोटातच सेरोटोनिनच्या यंत्रणेची कळ दाबतं आणि तार मेंदूपर्यंत पोचते. आपल्याकडे उलटीवर सर्रास दिलं जाणारं ओंडान्सेट्रॉन याच ग्राहीला अडवतं. घराच्या कडेने चुकचुकत पळणाऱ्या प्राण्याला विज्ञानात एवढा मान आहे, हे पुढच्या वेळी झाडू उगारताना आठवावं.

विष भातातच तयार असल्यामुळे त्रास लवकर सुरू होतो, अर्ध्या ते सहा तासांत. १९७१ पासून ब्रिटनमध्ये चायनीज रेस्टॉरंटांतल्या फ्राइड राइसमुळे अशा उलट्यांच्या घटना नोंदल्या गेल्या, तेव्हा हा प्रकार पहिल्यांदा लक्षात आला. तिथले आचारीही भात रात्रभर बाहेरच ठेवत. बहुतेक माणसं दिवसभरात बरी होतात. पण बेल्जियममध्ये पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्लेला वीस वर्षांचा विद्यार्थी २००८ मध्ये दगावला. मायटोकाँड्रियांवर घाव बसल्यावर सर्वांत आधी यकृत खचू शकतं.

ग्रहण लागलं की शिजवलेलं अन्न टाकून देणारी किंवा त्यात तुळशीचं पान घालणारी मंडळी अजून आहेत. चंद्राच्या सावलीने भातात काहीही होत नाही. दुपारचा भात रात्रीपर्यंत ओट्यावर राहिला तर होतं, आणि ते पौर्णिमा-अमावास्या पाहून होत नाही.

उपाय अवघड नाही. शिजवलेलं अन्न ६० अंशांच्या वर धगधगीत ठेवा किंवा ५ अंशांखाली नेऊन ठेवा, मधे रेंगाळू देऊ नका. अमेरिकेच्या अन्नसंहितेत ५७ वरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि ५ अंशांपर्यंत एकूण सहा तासांत उतरवावं असं आहे. त्यासाठी भात उथळ ट्रेमध्ये पातळ पसरून मगच फ्रिजमध्ये घालायचा. दाणा तिथेही सुटा होतो, उलट जास्त चांगला. दहीभात किंवा सुशीचा भात यांना आंबटपणाचं संरक्षण मिळतं, कारण या जीवाणूला आम्ल मानवत नाही. पावभाजीच्या गाडीवर आदल्या दिवशीच उकडून ठेवलेले बटाटे मात्र भाताच्याच पंगतीतले, मातीतूनच आलेले. ग्राहकाने वेटरला टिश्यू पेपर आणि पाण्याच्या बाटलीचं सील याऐवजी ‘भात कधीचा?’ एवढं विचारलं तर अधिक उपयोग होईल.

या विषाने आणखी एक पंचाईत करून ठेवली आहे. उरलेला फ्राइड राइस तपासायला दिला की प्रयोगशाळा त्यातले जीवाणू वाढवून पाहते. ते कढईत मेलेले, त्यामुळे अहवाल स्वच्छ येऊ शकतो. फिनलंडच्या संशोधकांनी यावर एक अफलातून युक्ती काढली होती: नमुन्याचा अर्क डुकराच्या शुक्राणूंवर टाकायचा. सेरुलाइड असेल तर शुक्राणूंचे मायटोकाँड्रिया बंद पडतात आणि त्यांचं पोहणं थांबतं. आता हे काम मास स्पेक्ट्रोमीटर करतो. तो कड्याचं वजनच मोजतो, जीवाणू जिवंत आहे की मेला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.