कामगारांचे आपसांतले वाद : निवाड्याच्या जुन्या रीतीची पार्श्वभूमी

सांगली-साताऱ्याकडच्या कारखान्यांत दोन कामगारांचे वाजले की पुढचा क्रम बहुधा ठरलेला असतो. अधिकारी दोघांना केबिनमध्ये बोलावतो, दोघांचे ऐकून घेतो, चूक कोणाची ते सांगतो आणि त्याच्याकडून माफीनामा लिहून घेतो. ही रीत कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेली नसते. ती या मातीतच मुरलेली आहे.

मराठेशाहीत वादी आणि प्रतिवादी गोतसभेपुढे, म्हणजे गावकऱ्यांच्या न्यायसभेपुढे, आपापली तकरीर (कैफियत) लिहून देत, निर्णय महजरात, म्हणजे निवाडापत्रात, नोंदला जाई आणि हरलेल्या पक्षाकडून हार मान्य असल्याचे येजितखत घेतले जाई. आजचा माफीनामा मला या येजितखताचा वंशज वाटतो. पुढे 1943 पासून सातारच्या प्रतिसरकारने, ज्याचा मुलूख आजच्या सांगली जिल्ह्यातही पसरलेला होता, गावोगावी न्यायदान मंडळे चालवली. 2007 साली तासगाव तालुक्यातील अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. त्या मोहिमेत दाखल तंटे मिटवण्याइतकाच नवे तंटे उद्भवू न देण्यावर भर होता, आणि नेमकी हीच दुसरी बाजू कारखान्यांच्या व्यवस्थापनात कच्ची राहिली.

या भागात आधुनिक कारखानदारी आली ती 1910 साली, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली तेव्हा. शेजारी राहणारी माणसे शेजारच्याच यंत्रावर उभी राहत असल्यामुळे अशा वसाहतीत कामावरचा बेबनाव घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचणे स्वाभाविक होते. मात्र पुढच्या काळात जे कामगार कायदे आले, त्यांचे लक्ष मालक आणि कामगार यांच्यातील संघर्षावर होते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार आणि कामगार’ यांच्यातील विवादाचाही उल्लेख होता. पण तो विवाद नोकरी, सेवाशर्ती किंवा कामाच्या परिस्थितीशी निगडित असावा लागे. पाळी बदलताना झालेली शिवीगाळ तेथे सहसा पोहोचत नसे. तिची गाठ पडे ती 1946 च्या स्थायी आदेशांच्या, म्हणजे कारखान्यातील सेवाशर्ती आणि शिस्तीच्या नियमांच्या, कायद्याशी, आणि तेथे ती बेशिस्त म्हणजेच गैरवर्तन ठरे. म्हणजे कारणे दाखवा नोटीस, आरोपपत्र, चौकशी आणि शिक्षा. 1948 च्या कारखाने कायद्याने 500 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले, तरी लहान कारखान्यांना त्याचा उपयोग नव्हता.

कामगारांमधील मतभेदांकडे बेशिस्तीपलीकडे जाऊन पाहण्याचा विचार याच्या कितीतरी आधी मांडला गेला होता. अमेरिकेतील मेरी पार्कर फॉलेट यांनी 1925 साली संघर्ष हाताळण्याचे तीन मार्ग सांगितले : एकाने दुसऱ्यावर मात करणे, दोघांनी थोडे थोडे सोडणे, आणि दोघांची खरी गरज ओळखून ती भागेल असा मार्ग काढणे. त्यांचे उदाहरण साधे आहे. ग्रंथालयाच्या एका खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, दुसरीला बंद. शेवटी शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली. कारण एकाला हवा हवी होती आणि दुसरीला फक्त अंगावर येणारा वारा नको होता.

आपल्याकडे औद्योगिक विवाद कायद्यातील 2010 च्या दुरुस्तीने 20 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत तक्रार निवारण समिती आली. सदस्य जास्तीत जास्त सहा, निर्णयाची मुदत 45 दिवस. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत ही मर्यादा दहा सदस्य आणि 30 दिवस अशी झाली. पाऊल चांगलेच आहे, पण समितीचे काम लेखी अर्ज आल्यावर सुरू होते, आणि अर्ज लिहिला जाईपर्यंत दोघांचे बोलणे तुटलेले असते.

सांगलीजवळच्या एका मशीन शॉपमध्ये मी मनुष्यबळ विभागात असताना संगणक-नियंत्रित (सीएनसी) यंत्र चालवणाऱ्या दोन ऑपरेटरांचे भांडण माझ्यापर्यंत आले. पहिल्या पाळीचा माणूस मशीनमधला बुरा (धातूचा कीस) न काढताच निघून जातो, अशी दुसऱ्या पाळीवाल्याची तक्रार होती. त्या दिवशी दोघे एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. दोघांच्या नावच्या नोटिसा टाईप होऊन माझ्या टेबलावर आल्या होत्या. सही करण्याआधी मी दोघांना केबिनऐवजी मशीनपाशी नेले आणि पाळी सुटताना काय काय होते ते क्रमाने सांगायला लावले. पाळी तीनला सुटत असे आणि मिरजेकडे जाणारी कंपनीची बस तीन वाजून पाच मिनिटांनी. बुरा काढून, कूलंट (यंत्र थंड ठेवणारे द्रव) पाहून, लॉगबुकात ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या मापातले फरक, लिहायला निदान पंधरा मिनिटे लागत. शेवटचा जॉब पूर्ण करायचा म्हटले की बस चुकणार. हे दुसऱ्याला ठाऊकच नव्हते, कारण तो सायकलने येई. पुढच्या सोमवारपासून बस तीन वीसला सुटू लागली, आणि त्या दोन नोटिसा मी फायलीत लावल्या नाहीत.