जुना पॉवर मीटर 'झिजतो' का?

सायकलवाल्यांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षे फिरणारा सल्ला: सेकंडहँड पॉवर मीटर (पेडल मारताना किती वॅट ताकद लागते ते मोजणारं यंत्र) घेऊ नका, वापराने आतले सेन्सर झिजतात आणि वॅट चुकतात.

आत असतात स्ट्रेन गेज. पायाच्या जोराने धातू किंचित वाकतो, ते वाकणं हे गेज मोजतात. त्यांत एकमेकांवर घासणारं काही नसतं. आपटून किंवा पाणी शिरून ते बिघडू शकतात, पण आकडे चुकले की आधी सेटिंग तपासावं.

पेडलमधला मीटर जोर मोजतो, पण क्रँकची (पेडल ज्याला जोडलेलं असतं त्या दांड्याची) लांबी मोजत नाही, ती आपण भरायची असते. आधीच्या मालकाचे १७५ मिमी तसेच राहिले आणि तुमचा क्रँक १६५चा असेल, तर खरे २०० वॅट २१२ दिसतील. सहा टक्के, तेही फुकट! मीटर फक्त डाव्या बाजूचा असेल तर तो डावा आकडा दुप्पट करतो. डावा पाय ५२ टक्के काम करत असेल तर २००चे २०८ होतात. हा बिघाड नव्हे.

मग झिरो ऑफसेट, म्हणजे पेडलवर भार नसताना मीटर शून्यावर आणणं. तो फक्त शून्य जुळवतो, वजनाखालची चूक दुरुस्त करत नाही. ती पकडायला, अ‍ॅप टॉर्क (क्रँक फिरवणारा जोर) दाखवत असेल तर, मागचा ब्रेक दाबून क्रँक आडवा धरा आणि पेडलला नीट मोजलेलं २० किलो वजन टांगा. १७० मिमी क्रँकवर सुमारे ३३.४ न्यूटन-मीटर दिसायला हवेत. बॅटरी बदलून, पुन्हा शून्य जुळवूनही मोठा फरक राहिला, तरच सेन्सरवर संशय घ्यावा.