मुगाच्या आधी संपणारं आयुष्य

मृगाच्या पावसावर मूग पेरला की आपल्या मराठवाड्यात पोळ्याच्या आसपास शेंगा तोडणीला येतात. लवकर येणारं वाण असलं तरी साठ-पासष्ट दिवस लागतातच. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळभिंतीवर एक मासा राहतो, त्याला तेवढेही दिवस मिळत नाहीत. अभ्यासात सापडलेला त्याचा सगळ्यात म्हातारा नमुना 59 दिवसांचा होता. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये इतकं छोटं आयुष्य दुसऱ्या कुणाचं नोंदलेलं नाही.

एव्हिओटा सिजिलाटा हे त्याचं शास्त्रीय नाव. लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर, अंग अर्धपारदर्शक. तो गोबी कुळातला. आपल्याला समुद्र नाही, पण हे कुळ काही परकं नाही. गोदावरीच्या तळाशी वाळूला चिकटून बसणारा ग्लॉसोगोबिअस त्याचाच भाऊबंद. तो मात्र चांगला वीतभर वाढतो.

एवढ्याशा माशाचं वय कळतं कसं? माशांच्या डोक्यात, आतल्या कानाशी, चुन्याचे बारीक खडे असतात. पैठणच्या बाजारात मिळणाऱ्या मरळीच्या डोक्यातही ते असतात. कोवळ्या वयात या खड्यावर रोज एक सूक्ष्म वलय चढतं. खडा घासून पातळ करायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली वलयं मोजायची, की दिवसांचा हिशोब लागतो. जेम्स कुक विद्यापीठाच्या मार्शियल डेपचिन्स्की आणि डेव्हिड बेलवूड यांनी 2005 मध्ये या माशाचं वय जगापुढे मांडलं ते असंच.

अंड्यातून निघालेलं पिल्लू पहिले तीन आठवडे पाण्यात तरंगत काढतं. मग प्रवाळावर उतरतं आणि एक-दोन आठवड्यांत वयात येतं. पुढे उरतात फार तर साडेतीन आठवडे. तेवढ्यात मादी साधारण तीन वेळा मिळून चारशेच्या आसपास अंडी घालते. ती फुटेपर्यंत राखण नर करतो. ज्याला मोजकेच दिवस मिळालेत, त्यानं त्यातले काही अंड्यांपाशी बसून घालवावेत, हे मला या साऱ्या गोष्टीतलं सर्वांत विलक्षण वाटतं.

एवढी घाई कशासाठी? प्रवाळभिंतीवर त्याला खाणारे फार. रोज शंभरामागे सात-आठ मासे मरतात. हाच दर धरला तर तीन आठवड्यांत शंभरातले वीसही उरत नाहीत. अशा ठिकाणी उशिरा वयात येणाऱ्याचा वंश पुढे जातच नाही. जे लवकर अंडी घालतात, त्यांचीच पिल्लं उरतात, आणि पिढ्यान् पिढ्या हीच निवड होत गेली.

या मरणावर कितीतरी पोटं भरतात. सायमन ब्रँडल आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं, की प्रवाळभिंतीवर जेवढं माशांचं मांस खाल्लं जातं, त्यातलं जवळजवळ 60 टक्के अशा तळाशी लपून राहणाऱ्या चिमुकल्या माशांचं असतं. खुद्द एव्हिओटा हा त्यातला एक, त्याच्या जोडीला इतर कितीतरी जाती. इतके खाल्ले जाऊनही ते संपत नाहीत, याचं कारण त्यांच्या पिल्लांत आहे. मोठ्या माशांची बरीच पिल्लं खुल्या समुद्रात दूर वाहत जातात आणि त्यातली थोडीच परततात. या छोट्यांची पिल्लं मात्र भिंतीच्या जवळपासच राहतात आणि रिकामी झालेली जागा लगेच भरून काढतात.

तरीही पाणबुडे मोजणीला उतरतात तेव्हा हे मासे नजरेतून सुटतात. ते नीट मोजायचे तर प्रवाळाचा छोटा तुकडा बारीक जाळीनं झाकून आत लवंगतेल सोडावं लागतं, म्हणजे मासे गुंगून हाती लागतात. काम किचकट आहे आणि वेळखाऊही. पण समुद्र तापल्यानं प्रवाळ पांढरे पडत असताना नुसते मोठे मासे मोजून भिंतीची तब्येत सांगणं मला अपुरं वाटतं. मोठ्यांचं अन्न कुठून येतं आणि ते किती उरलंय, हे या लवंगतेलाच्या मोजणीतूनच कळेल.